प्रेत नसलेल्या कुप्या

१

टाकीचं झाकण उचललं की पांढरी वाफ उसळायची. ती तोंडावर येऊ नये म्हणून गुलनाज बागवान नेहमी मान वळवूनच झाकण उचलायची. त्या सोमवारी सकाळीही तिनं सवयीनं मान वळवली. वाफ आलीच नाही.

तिनं वाकून पाहिलं. टाकी ठणठणीत कोरडी होती. आतली भांडी जाड हातमोज्यांशिवाय कोणी शिवत नसे. तिनं ती उघड्या बोटांनी चाचपली, तर कोमट लागली.

"मॅडम!" ती ओरडली. "मॅडम, टाकी गेली!"

डॉ. वैजयंती माळगे शेजारच्या खोलीतून धावत आल्या. साठीला टेकलेल्या, सडसडीत, एरवी कधी घाई न करणाऱ्या. त्यांनी आत पाहिलं आणि टाकीचा काठ धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

सोलापुरातल्या त्या छोट्या संशोधन केंद्रात त्या टाकीइतकं मोलाचं दुसरं काही नव्हतं. द्रवरूप नायट्रोजनच्या भयंकर थंडीत तिथं पेशी झोपवून ठेवल्या होत्या, जिवंत. शेकडो यंत्रमाग कामगारांच्या रक्तातल्या पेशी. त्यातले काही कामगार आता हयातही नव्हते. आणि एका भांड्यात वेगळ्या ठेवलेल्या सहा कुप्या. त्या पाहायला दिल्लीहून तज्ज्ञांची समिती यायची होती.

"धनाजीनं शनिवारी नीट भरलीच नसणार," मागून आवाज आला. डॉ. ऋतुराज हत्तरकी, वैजयंतीबाईंचा सर्वांत जुना सहकारी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, सगळं मेलंय. या उन्हाळ्यात आता सडायला लागेल. मी पिशव्यांत भरून लगेच नष्ट करायला देतो."

केंद्राचे संचालक डॉ. गुरुराज जहागीरदार दारात येऊन ठेपले होते. त्यांनीही मान डोलावली. "बरोबर आहे. खोली रिकामी करा. झालं ते वाईट झालं, पण दुर्गंधी नको."

ऋतुराजनं पिवळी पिशवी उघडून कुप्या आत टाकायला सुरुवात केली. पिशवी निम्मी भरली असेल नसेल, गुलनाजनं ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"एकही कुपी बाहेर जाणार नाही! मी एकेक तपासणार. एखादी पेशी तरी जगली असेल."

"वेडी झालीस का?"

"असेन. आणि धनाजीचं नाव घेऊ नका सर. शनिवारी त्यानं टाकी काठोकाठ भरली तेव्हा मी शेजारी उभी होते. भरलेली टाकी एका रविवारात आटत नाही."

मग वैजयंतीबाईंनी काठावरचा हात काढला.

"पोलिसांना बोलवा," त्या म्हणाल्या. "ही आटलेली नाही. कुणीतरी रिकामी केली आहे."

२

सहायक पोलीस निरीक्षक जमीला मुजावर मूळची मंगळवेढ्याची. 'वाफ उडाली म्हणून गुन्हा' अशी थट्टा ऐकूनच ती चौकीतून निघाली होती. केंद्रात आल्यावर तिनं टाकीकडे नजर टाकली आणि वैजयंतीबाईंसमोर खुर्ची ओढून बसली.

"डॉक्टर, माझं शिक्षण बी.ए. नेमकं काय गेलं ते मला समजेल असं सांगा."

वैजयंतीबाईंनी क्षणभर विचार केला. "शरीरात कुठं इजा झाली की तिथल्या पेशी एक रसायन सोडतात. त्याला केमोकाइन म्हणतात. ती एक प्रकारची हाक असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिचा वास काढत निघतात. जिकडे वास दाट, तिकडे. त्यांना रस्ता कुणी सांगावा लागत नाही."

"माग काढणाऱ्या कुत्र्यासारख्या."

"अगदी. पण वर्षानुवर्षं कापसाची धूळ ओढलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती हाक थांबतच नाही. पेशी येतच राहतात. आणि आग विझवायला आलेलेच घर जाळायला लागतात." त्या थांबल्या. "माझे वडील माग चालवायचे. शेवटी शेवटी त्यांना एक वाक्य पुरं करायला तीनदा दम घ्यावा लागायचा. मी पुण्यात शिकले, परदेशात बरीच वर्षं काढली. तिथं ही हाक कशी चालते ते कळलं. मग इथं परत आले. लोक म्हणाले, एवढी प्रयोगशाळा सोडून सोलापुरात? मी म्हटलं, खोकणारी माणसं तिथं आहेत तर मी इथं काय करू?"

"आणि त्या सहा कुप्या?"

"तो क्लोन. एकाच पेशीपासून वाढवलेला वंश. तो एक प्रतिपिंड तयार करतो. म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कानात घालायचा बोळा समजा. हाक ऐकू आली नाही की त्या फुप्फुसाकडे धावत नाहीत. त्याचं औषध होऊ शकेल. समितीसमोर तेच सिद्ध करून दाखवायचं होतं."

"त्याचा साठा दुसरीकडे नाही?"

"पुण्याला पाठवायचं ठरलं होतं. राहून गेलं."

जमीलानं मग एकेकाला बोलावलं.

नायट्रोजन पुरवणाऱ्या गोदामात काम करणारा धनाजी रडकुंडीला आला होता. "मॅडम, मी काठोकाठ भरलाय की. जनावरांच्या दवाखान्याला बी मीच भरतो. आजवर कुणाची तक्रार न्हाय. आन् हितली किल्ली माज्याकडं कुटं हाय?"

डॉ. जहागीरदारांनी आडपडदा ठेवला नाही. "ती खोली मला तपासणी यंत्रासाठी हवी होती, हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे. मी सर्जन माणूस. मागायचं तर तोंडावर मागतो. त्या टाकीत कुठं काय आहे, हे मला आजही सांगता येणार नाही."

गुलनाज कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"डरो नक्को," जमीला हलकेच म्हणाली. "रविवारी कुठं होतीस?"

"नवी पेठेत. बहिणीच्या लग्नाचे कपडे. अख्खं घर बरोबर होतं." तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "माझी पीएचडी त्या टाकीत होती. पण त्याचं काही नाही, मी तरुण आहे. एका आजोबांनी मरायच्या आधी रक्त दिलं होतं. ते परत कुठून आणू?"

ऋतुराजनं उत्तरं मुद्देसूद दिली. रविवारी तो जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवरच होता. एकटा. "तो क्लोन मी तयार केला आहे मॅडम. दोन वर्षं मी इथंच झोपत होतो. माझंच लेकरू गेल्यासारखं झालंय."

त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. त्यात काहीही खोटं नाही, असं जमीलाला वाटलं. आणि तिला तीच गोष्ट खटकली. लेकरू गेलेला माणूस ते न तपासताच फेकून द्यायला निघेल?

३

दुपारी ती इमारतीच्या मागे गेली. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. भांडी धुवायच्या नळापाशी सांडपाण्यावर अळू माजलं होतं. गटाराच्या एका बाजूला पानं हिरवीगार, तर दुसऱ्या बाजूला काळी पडून जमिनीला चिकटलेली. जमीलानं एक पान उचललं. ते बोटांत लिबलिबीत झालं.

ती तशीच पान घेऊन आत आली. "डॉक्टर, उन्हानं पान जळलं तर काय होतं?"

"कुरकुरीत होतं."

"हे बघा. आमच्याकडं एकदा कोथिंबीर चुकून बर्फाच्या कप्प्यात राहिली. बाहेर काढल्यावर हुबेहूब अशी झाली होती."

वैजयंतीबाईंनी पान चष्म्याजवळ धरलं. "हे गोठलं आहे," त्या पुटपुटल्या. "गोठताना पानातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फुटतात. पण सोलापुरात, वैशाखात..."

"नायट्रोजन ओतल्याशिवाय होणार नाही. टाकीला चाकं आहेत. रविवारी कुणीतरी ती मागच्या दारापर्यंत ओढत नेली आणि गटारात रिकामी केली. धनाजी सुटला. त्यानं टाकी भरली नसती, तर ओतायला आत काही राहिलंच नसतं. आणि किल्ली फक्त तुम्हा चौघांकडे आहे."

"पण का?" वैजयंतीबाईंचा स्वर पहिल्यांदाच चढला. "एवढं सगळं मारून कुणाला काय मिळालं?"

तेवढ्यात दार उघडून गुलनाज आत आली. सकाळपासून ती सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कुपी पाहत बसली होती.

"मॅडम, त्या सहा कुप्यांत काहीतरी भलतंच आहे."

४

"मेलेली पेशी निळा रंग पिते," गुलनाज सांगू लागली. "जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, पांढरीच राहते. मी आज ज्या ज्या कुप्या पाहिल्या, त्या सगळ्यांत निळ्या पेशींचा खच आहे. एकही जगलेली नाही."

"आणि त्या सहांत?"

"निळं काही नाही. पांढरंही काही नाही. पेशी वाढवतो ते नुसतं गुलाबी पाणी आहे."

वैजयंतीबाई उठल्या, स्वतः डोळा लावून बसल्या. एक कुपी, दुसरी, सहाही. मग मागे टेकल्या.

"समजलं," जमीला हळू म्हणाली. "खून झाला म्हणता, आणि प्रेत नाही. मेलं तरी मढं उरतं की नाही? बाकीच्यांची मढी पडली आहेत. तुमच्या क्लोनचं मढं नाही, कारण तो या टाकीत मेलाच नाही. त्याला आधीच कुणीतरी बाहेर काढलं आणि त्याच नावाच्या चिठ्ठ्या लावून खोट्या कुप्या ठेवल्या."

"मग टाकी का ओतली?"

"समितीसमोर तुम्ही एक कुपी उघडणार होता. आत नुसतं पाणी निघालं असतं, चोरी उघडी पडली असती. पण टाकीतलं सगळंच मेलं, की सहा कुप्या कोण वेगळ्या तपासतो? एक झाड चोरलेलं कळू नये म्हणून त्यानं रान पेटवलं."

गुलनाजनं तोंडावर हात दाबला.

"म्हणजे क्लोन जिवंत आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"चोराला तो मारायचा नव्हता, जगवायचा होता. तो तसा कुठं जगेल?"

"नायट्रोजनमध्येच. दुसरं काहीच चालणार नाही. इतकी थंडी इथं आणखी कुणाकडे असणार?"

जमीला हसली. ती त्या दिवसात पहिल्यांदा हसत होती. "डॉक्टर, आमच्या मंगळवेढ्याकडं गावोगावी गाई भरवायला माणूस येतो. वळूचं वीर्य कशात ठेवतो तो? मोटरसायकलला बांधलेल्या नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये. जिल्ह्यात असे कंटेनर हवे तेवढे सापडतील."

"मग शोधणार कसा?"

"शोधायचं कशाला? तुमच्या पांढऱ्या पेशींना कुणी रस्ता सांगतं का? आपण फक्त वास सोडायचा."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघेही वैजयंतीबाईंच्या खोलीत बसले असताना धनाजी दारात आला. जमीलानं पढवलेलं वाक्य त्यानं जरा घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"मॅडम, नायट्रोजनचा टँकर वाटंत बंद पडलाय. आता लई दिवस जिल्ह्यात कुटंबी मिळणार न्हाय. गोदामात तळाला थोडा शिल्लक हाय, तो आज दुपारपातुर देऊन टाकनार हाय. तुमाला पायजे का?"

"टाकीच रिकामी आहे धनाजी," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आता कशात भरणार आणि कशासाठी?"

डॉ. जहागीरदारांनी खांदे उडवले. गुलनाजनं मान वरही केली नाही. ऋतुराज शांतपणे म्हणाला, "राहू दे."

दुपारी जमीला साध्या कपड्यांत अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात पत्र्याच्या सावलीला बसली होती. शेजारी वैजयंतीबाई. त्यांनी यायचा हट्टच धरला होता.

"गावोगावच्या कंटेनरला आमची गाडी जाती," धनाजी दबक्या आवाजात सांगत होता. "हितं गोदामात कोन येत न्हाय."

रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मग लांबून एक मोटरसायकल येताना दिसली. मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधलेला अॅल्युमिनियमचा कंटेनर उन्हात लखलखत होता. चालवणाऱ्यानं तोंडाला पांढरा गमछा गुंडाळला होता. गाडी लावून त्यानं गमछा सोडला.

वैजयंतीबाई पुढे झुकल्या. तो चेहरा त्यांनी कधीच पाहिलेला नव्हता.

६

"नाव?" जमीलानं विचारलं.

"मानसिंग. पर तुमी कोन?"

"पोलीस. कंटेनर भरायला गाडी गावात येते ना? मग स्वतः का आलास?"

"सकाळी भावाचा फोन आला. टँकर बंद पडलाय, पळत जा म्हनला. म्या गाई भरवायचं काम करतो मॅडम, हे माजंच कंटेनर हाय."

"भाऊ कोण?"

"डॉक्टर हाय की सोलापुरात. ऋतुराज हत्तरकी. त्यानं दवा ठिवलीया यात. लई मोलाची हाय, उघडू नगं म्हनला." तो गोंधळून एकदा जमीलाकडे, एकदा वैजयंतीबाईंकडे पाहू लागला. "काय झालं? त्याला काय झालं का?"

वैजयंतीबाईंनी हातमोजे चढवले. झाकण उचललं. पांढरी वाफ उसळली. वळूच्या वीर्याच्या बारीक कांड्यांच्या मधोमध एका कापडी पिशवीत सहा कुप्या होत्या.

संध्याकाळी ऋतुराजला बोलावून घेतलं तेव्हा कंटेनर टेबलावर होता. तो पाहून त्यानं काहीही नाकारलं नाही. खुर्ची ओढून खाली बसला.

"भावाला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "कळलं कसं?"

"चौघांकडे किल्ली होती," जमीला म्हणाली. "जहागीरदार साहेबांना खोलीच हवी होती. त्यांनी टाकी ओतली असती, पण कुप्या बदलल्या नसत्या. त्यांना त्या कुठल्या तेही माहीत नाही. गुलनाजनं तुमच्या हातून पिशवी हिसकावली. ज्या कुप्यांनी चोर पकडला जाईल, त्या चोर स्वतः वाचवणार नाही. डॉक्टरांनीच मला बोलावलं. राहिलात तुम्ही. सगळं नष्ट करायची घाई तुम्हाला होती. पुण्याला साठा पाठवायचं काम तुमच्याकडेच होतं, हे मला काल डॉक्टरांकडून कळलं. पण हा सगळा तर्क झाला. टँकरची खोटी बातमी मात्र त्या खोलीबाहेर कुणालाच माहीत नव्हती. ती ऐकून कंटेनर घेऊन धावला तो तुमचा भाऊ."

ऋतुराजनं वैजयंतीबाईंकडे पाहिलं. "मॅडम, क्लोन मी तयार केला. प्रत्येक शोधनिबंधावर तुमचं नाव, प्रत्येक सभेत तुमचं भाषण. समिती आली असती तर तो कायमचा तुमच्या नावावर झाला असता. मला बेंगळुरूला स्वतःची प्रयोगशाळा मिळतेय. तिथं मी तो नव्यानं केला असं दाखवणार होतो. माझंच काम मी घेऊन जात होतो."

"तुझ्यावर अन्याय झाला असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या. आवाज खाली होता, पण कापत नव्हता. "तुझं नाव पुढे हवं होतं का, यावर तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. कदाचित मी हरलेही असते. क्लोन तुझा होता असंच धरून चालू. पण बाकीच्या कुप्या? दम लागत असताना जिना चढून येऊन माणसांनी रक्त दिलं होतं. त्यातली काही मेली. ते रक्त तुझं नव्हतं, ऋतुराज. माझंही नव्हतं."

जमीलानं हवालदाराला खूण केली.

७

क्लोनची एक कुपी वितळवली तेव्हा गुलनाजनं निळा रंग टाकून डोळा लावला. पेशी पांढऱ्याशुभ्र होत्या. एकूण एक जिवंत. पुढे त्यांच्या प्रतिपिंडाची परीक्षाही झाली. काचेच्या कप्प्यात एका टोकाला केमोकाइन, दुसऱ्या टोकाला प्रतिपिंडात भिजवलेल्या पांढऱ्या पेशी. पेशी जागच्या हलल्या नाहीत.

समितीला वैजयंतीबाईंनी घडलेलं सगळं सांगितलं. क्लोन कुणी तयार केला हे विचारल्यावर त्यांनी ऋतुराजचं नाव घेतलं. समितीतल्या एकानं आश्चर्यानं विचारलं, "त्यानं एवढं करूनसुद्धा?"

"त्यानं काय केलं ते पोलिसांकडे लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "क्लोन कुणी केला, हा प्रश्न वेगळा आहे."

समितीनं काम पुढे न्यायला संमती दिली, पण एक अट घातली. कामगारांचे नमुने पुन्हा गोळा झाले पाहिजेत. औषध ज्यांच्यासाठी, त्यांच्याच पेशींवर ते सिद्ध व्हायला हवं. जहागीरदार म्हणाले, यात आणखी पाच-सहा वर्षं जातील, तुम्ही तर निवृत्तीला आलात. वैजयंतीबाई म्हणाल्या, "मग आजच सुरुवात केलेली बरी."

दुसऱ्याच दिवशी त्या आणि गुलनाज पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीत गेल्या. दोन्ही बाजूंनी मागांची खडखड चालू होती, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. पहिलंच दार नरसम्माचं होतं. तिच्या नवऱ्यानं रक्त दिलं होतं आणि पुढच्या वर्षी तो गेला होता. ती स्वतःही आता खोकत होती.

"पुन्हा रक्त?" तिनं विचारलं. "आमच्या यांनी दिलं होतं ना? त्याचं काय झालं?"

गुलनाजनं वैजयंतीबाईंकडे पाहिलं. काहीतरी सोपं उत्तर देता आलं असतं.

"ते नासवलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आमच्यातल्याच माणसानं. आम्हाला सांभाळता आलं नाही."

नरसम्मा आत वळली, तिनं माग बंद केला. खडखड थांबल्यावर घरात एकदम तिचा धापा टाकणारा श्वास ऐकू येऊ लागला. मग तिनं स्टूल ओढलं, बसली आणि हात पुढे केला.

"घ्या," ती म्हणाली. "आणि ह्या बारी दोन ठिकाणी ठेवा."